एका ओळीचा राजा

मल्हाररावांनी तांबड्या शाईनं ‘शूर’ हा शब्द खोडला, मग ‘लोकप्रिय’ खोडला आणि कागद टेबलापलीकडे शालनकडे सरकवला.

“ही विशेषणं कुठून आली?”

“तुमच्याच मसुद्यातनं, अण्णा. मी फक्त उतरवलंय.”

मल्हाररावांनी मसुदा डोळ्यांजवळ धरून पाहिला. विशेषणं त्यांचीच होती. त्यांनी दौतीचं झाकण उगाच फिरवून घट्ट केलं.

नोव्हेंबर महिन्यातली रविवारची दुपार होती. साल पासष्ट. बेंगळुरातल्या जयनगरात अजून निम्मे प्लॉट मोकळेच होते आणि समोरच्या जागेत कुणाची तरी म्हैस दाव्याला बांधलेली होती. आतल्या खोलीत मल्हाररावांच्या आई सकवारबाई, म्हणजे शालनच्या आत्ती, दम्याचं औषध घेऊन पडल्या होत्या. पुढच्या खोलीत हे दोघं, थोरला दीर आणि धाकटी भावजय, लिथुएनियाच्या एका राजाची बारा ओळींत सोय लावत बसले होते.

पुण्याच्या एका मंडळानं ज्ञानकोशाचा घाट घातला होता. मल्हारराव बेंगळुरात कॉलेजात इतिहास शिकवत. तरुणपणी एका पाद्र्याकडून त्यांनी जर्मन शिकून घेतली होती, आणि ही गोष्ट कुणीतरी मंडळाच्या कानावर घातली. त्यामुळे उत्तर युरोपातले जुने राजे, जे कुणालाच नको होते, ते यांच्या गळ्यात पडले. शालन निपाणीकडची. शिक्षण मराठी सातवीपर्यंतच, पण अक्षर असं की पुण्याहून संपादकांनी ‘आपले लेखनिक कोण?’ असं मुद्दाम विचारलं होतं. मल्हाररावांनी ‘घरातलेच’ एवढंच उत्तर धाडलं.

तीनशे वर्षं या गावात मुरलेल्या मराठा घराण्यांमध्ये मल्हाररावांचा दरारा होता, आणि तो काही प्रेमाचा नव्हता. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले, असं कुणी म्हटलं की ते शांतपणे विचारत, “कागद आहे?” तीन घराण्यांचा अभिमान त्यांनी असा दोन शब्दांत झोपवला होता. एकदा तर समाजाच्या वार्षिक सभेत उभं राहून, स्वतःच्या घराण्याचाही सतराशे नव्वदच्या मागे कागद सापडत नाही, असं सांगून आले. सकवारबाई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. लोक हसायचे. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं या माणसाला म्हणायची सोय नाही, म्हणायचे. बाप दाखवला तरी हा दोन साक्षीदार मागेल.

“वाच एकदा,” मल्हारराव म्हणाले.

शालननं कागद उचलला. वाचताना ती अगदी शाळेतल्यासारखं वाचायची, प्रत्येक विरामचिन्हाचा मान राखून.

“दाउमांतस. लिथुएनियाचा राजा. जन्म, मातापिता, राज्यारोहण, राणी, संतती यांविषयी माहिती उपलब्ध नाही. इसवी सन बाराशे पंच्याऐंशीत लिथुएनियाच्या सैन्याने त्व्हेरच्या बिशपच्या मुलखावर स्वारी केली. आसपासच्या शहरांतील लोकांनी एकत्र येऊन त्यांना रानात गाठले, त्यांचा पराभव केला व त्यांच्या राजास ठार मारले. प्स्कोव्ह येथे याच नावाचा एक सरदार होता. परंतु तो व हा एकच नव्हेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मृत्यू बाराशे पंच्याऐंशी.”

तिनं कागद खाली ठेवला.

“अण्णा, एक विचारू?”

“हं.”

“ह्याला कागद किती?”

मल्हारराव खूश झाले. विद्यार्थ्यांपैकी कुणी हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी त्याला घरी कॉफीला बोलावलं असतं.

“एक. बखरीतली एक ओळ. बाकी सगळं नंतरच्या लोकांनी तिच्यावर चढवलेलं.”

“कुणी लिहिलेली? त्याच्या माणसांनी?”

“त्याच्या माणसांना कुठलं लिहिता येत होतं! शत्रूकडच्या कुणा मठातल्या साधूनं.”

“म्हणजे शत्रूची एक ओळ. आणि तेवढ्यावर तुम्ही मेला म्हणून लिहिलंत. प्रश्नचिन्हसुद्धा घातलं नाहीत.”

“घालायचं कारण नाही. ज्याच्या मुलखात लढाई झाली तिथलाच उल्लेख आहे. आणि त्या साधूला खोटं लिहून काय मिळणार होतं?”

शालननं टाक पुसून दौतीवर आडवा ठेवला.

“मग कृष्णातला काय मिळणार होतं?” ती म्हणाली.

मल्हाररावांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

त्यांचा धाकटा भाऊ खंडोजी, शालनचा नवरा, बासष्टच्या चीनच्या लढाईत, ईशान्य सरहद्दीवर, नेफातल्या डोंगरात गेला तो परत आला नाही. फौजेकडून कार्ड आलं: बेपत्ता, बहुधा मृत. चीननं कैदी सोडले, त्यांच्या यादीत नाव नव्हतं. सकवारबाईंनी मात्र ‘बहुधा’ हा एक शब्द धरून ठेवला. पोर तिबेटात अडकलंय, वाट सापडली की येईल, असं त्या भाजीवालीलाही सांगत. मल्हाररावांनीही आईला कधी अडवलं नाही. सगळ्या गावाला कागद मागणारा माणूस या एका बाबतीत आईच्या बाजूनं बसला.

मग चौसष्टच्या जून महिन्यात कृष्णात आला. खंडोजीच्या पलटणीतला, निपाणीजवळच्या खेड्यातला जवान. कैदेतून सुटून आलेला. आई आणि शालन त्या दिवशी राजाजीनगरला एका बारशाला गेल्या होत्या. मल्हाररावांनी त्याला याच खोलीत, याच टेबलाशी बसवलं. दोन तासांनी तो गेला. तो आल्याचं मल्हाररावांनी घरात सांगितलं नाही.

“तुला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“आप्पाजीनं. माझ्या भावानं. मागल्या वर्षी गणपतीला गेले तेव्हा. कृष्णात त्याला निपाणीच्या बाजारात भेटला होता.”

“म्हणजे सव्वा वर्ष झालं.”

“व्हय.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“मी?” शालनचा आवाज चढला, आणि आतल्या खोलीकडे बघून तिनं तो खाली आणला. “मी बोलायचं होतं, अण्णा? घरचे कर्ते तुम्ही. असली गोष्ट घरच्या कर्त्यानं सांगायची असते. तुम्ही सांगितल्याशिवाय मी कपाळ कसं पुसू? दर शुक्रवारी आत्ती मला समोर बसवून कुंकू लावतात. त्यांचा हात कापतो, मी हनुवटी वर करून धरते. सव्वा वर्ष मी ते लावून घेतीय, ठाऊक असून. मला माझीच किळस येते.”

खरं सांगायचं तर मल्हाररावांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

“एका माणसाच्या सांगण्यावर,” ते म्हणाले, “तुला मी विधवा ठरवायची? उद्या खंडोजी दारात उभा राहिला असता तर?”

“एकाच्या सांगण्यावर राजा मारलात की आत्ता.”

यावर उत्तर होतं. राजाला मरून पावणेसातशे वर्षं झाली होती. त्याची कुणी वाट बघत नव्हतं. पण हे उत्तर तोंडाशी आल्यावर मल्हाररावांच्या लक्षात आलं की ते इतिहासाचं उत्तर नाही. ते भीतीचं आहे. त्या दिवशी कृष्णातला एकेक प्रश्न विचारताना त्यांना पुरावा तपासायचा नव्हताच. तारीख सांगता येईना, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. अंतर चुकलं, तेव्हा आणखी हायसं वाटलं. चाळीस वर्षं घासून धार लावलेलं सगळं शहाणपण त्यांनी त्या पोरावर चालवलं, ते भाऊ जिवंत राहावा म्हणून.

“मला वाटलं,” शालन म्हणाली, “तुम्ही आणखी कागद जुळवताय. फौजेला लिहीत असाल, दुसरं कोण सापडतंय का बघत असाल. जुळलं की सांगाल. म्हणून गप्प राहिले. पण आता नाही राहवत.” तिनं ब्लाउजमधून घडी घातलेलं एक आंतर्देशीय पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. “आप्पाजीचं आहे. आठ दिवस झाले येऊन. कृष्णात गेला. सप्टेंबरात, पंजाबात, पाकिस्तानच्या लढाईत.”

मल्हाररावांनी पत्र उघडलं नाही. त्यांना तो जवान आठवला: केस बारीक कापलेले, डाव्या हाताची दोन बोटं बर्फानं गेलेली. कॉफीचा पेला तो दोन्ही तळव्यांत धरत होता.

“आता तुम्हीच राहिलात,” शालन म्हणाली. “तेवढं सांगा आणि मला मोकळं करा.”

“काय सांगू?”

“निरोप.”

“कसला निरोप?”

“अण्णा, असं नका करू. मरताना माणूस निरोप सांगतो तो त्याच्या घरात जाऊन सांगायचा असतो. आप्पाजीनं खोदून खोदून विचारलं, पण कृष्णातनं त्याला सांगितलं नाही. म्हणाला, निरोप त्यांच्या घरचा आहे, मी त्यांच्या घरी जाऊन आलोय. अण्णांपुढं बसून आलोय. एवढंच. मग तुमच्याकडंच आहे तो.”

मल्हाररावांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा चेहरा धड दिसत नसे, आणि या क्षणी ते बरंच होतं.

“निरोप मला मिळाला नाही.”

“कसा नाही? दोन तास बसलावता की तो!”

“बसला होता. मी प्रश्न विचारत होतो. तो उत्तरं देत होता.”

शालन त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. मल्हारराव लिथुएनियाच्या कागदाकडे बघत बसले. त्यांना वाटलं, ती आता येणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं निपाणीला जाईल, आणि गेली तर ते तिला अडवू शकणार नाहीत.

ती आली तेव्हा डोळे धुतलेले होते. तिनं कोशाचे कागद गोळा करून बाजूला ठेवले आणि समोर एक कोरा ताव घेतला.

“सांगा.”

“शालन, स्वल्प, जरा ऐक—”

“तो काय काय बोलला ते सगळं सांगा. मी उतरवते.”

“टिपण आहे माझ्याकडे. कपाटात.”

“टिपण नको. तुमचं टिपण म्हणजे तुम्ही खोडून उरलेलं. त्याचं बोलणं पाहिजे.”

सुरुवातीला मल्हाररावांना जमेना. त्यांनी सवयीनं ‘साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार’ अशी सुरुवात केली. शालननं टाक उचललाच नाही, तेव्हा ते थांबले आणि नव्यानं सांगू लागले.

कृष्णात म्हणाला, चार दिवस आम्ही मागं मागं चालत होतो. तारीख कुणाला ठाऊक? खंडोजीदादाचा पाय मुरगळला होता, तरी तो पुढं चालायचा. खिशात शक्करपारे होते, ते त्यानं मोजून वाटले आणि स्वतःचा वाटा घ्यायला विसरला.

“विसरला?” शालननं विचारलं.

“असं तो म्हणाला. मी तेव्हा विचारलं नाही.”

ती लिहीत राहिली. चौथ्या दिवशी दुपारनंतर वरून गोळ्या आल्या. सगळे पांगले. बर्फ पडत होता, तोंडाला फडकी बांधलेली, कोण कुठला काही दिसेना.

“इथं मी विचारलं,” मल्हारराव म्हणाले, “चेहरा दिसला नाही, मग खंडोजीच होता कशावरून?”

“मग?”

“म्हणाला, आवाजावरून. मी म्हटलं, बर्फात, गोळीबारात आवाज ओळखू येतो? तर म्हणाला...” मल्हारराव थांबले. हे त्यांच्या टिपणात नव्हतं. त्यांनी ते उतरवून घेतलं नव्हतं आणि आज दीड वर्षानं ते शब्दन् शब्द आठवत होतं. “म्हणाला, साहेब, दादा गोळी लागल्यावर कन्नडात शिव्या देत होता. बेंगळुरी शिव्या. आमच्यात तसल्या दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. एरवी आम्ही त्याच्याकडनं मुद्दाम म्हणवून घ्यायचो.”

शालनच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच त्याचं रडू झालं. तिनं पदर तोंडाशी दाबून धरला. खंडोजी चिडला की कशा शिव्या द्यायचा हे या घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. मल्हाररावांनीच त्याला लहानपणी त्यापायी दोनदा चोपलं होतं.

“ह्याच्यावर आणखी कसला पुरावा पाहिजे होता, अण्णा?”

“नको होता,” मल्हारराव म्हणाले. “पुरावा नको होता मला. म्हणूनच उतरवून घेतलं नाही.”

ते इतकं स्पष्ट त्यांनी स्वतःशीही कधी म्हटलं नव्हतं. शालननं डोळे पुसले आणि टाक दौतीत बुडवला.

“पुढं?”

“पुढं तो सरपटत त्याच्यापाशी गेला. पोटात लागलं होतं. म्हणाला, मी तिथं होतो, अंधार पडेपर्यंत होतो. मी विचारलं, किती वेळ? त्याला सांगता येईना. अर्धा तास म्हणाला, मग दोन तास म्हणाला. मी म्हटलं, नक्की काय ते ठरव.”

“मग?”

“मग त्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला...”

समोरच्या प्लॉटातली म्हैस ओरडत होती. मल्हाररावांना आता सगळंच आठवत होतं: पेला ठेवून पोरगं खुर्चीत ताठ बसलं होतं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, देवळात बसावं तसं.

“म्हणाला, साहेब, एक सांगायचं होतं, दादानं तुमाला—”

शालनचा टाक कागदावर टेकला होता.

“तुमाला काय?”

“मी त्याला थांबवलं. म्हटलं, ते नंतर. आधी हे सांग, तू निघालास तेव्हा त्याचा श्वास चालू होता की बंद होता. तो म्हणाला, ठाऊक न्हाई साहेब. मी म्हटलं, म्हणजे तू त्याला मेलेला पाहिला नाहीस. तो म्हणाला, न्हाई. मग मी उठलो. त्याच्या गाडीची वेळ झाली होती. तोही उठला. दारात उभा राहिला थोडा वेळ. पुन्हा विचारीन म्हणून... नाही. ते खोटं आहे. मी पुन्हा विचारणार नव्हतो.”

खोलीत टाकाचा आवाज सुरू झाला. शालन लिहीत होती. तिचं अक्षर आज वाकडं येत होतं, पण ती एकही शब्द गाळत नव्हती. शेवटी येऊन ती थांबली.

“इथं नाव काय घालू?” तिनं मान वर न करता विचारलं.

“कुणाचं?”

“थांबवणाऱ्याचं.”

“माझं घाल,” मल्हारराव म्हणाले. “पूर्ण नाव घाल.”

तिनं घातलं. शाई वाळेपर्यंत ताव दोन्ही हातांत धरून ती बसून राहिली, आणि मग उठली.

“कुठं चाललीस?”

“आत्तींना वाचून दाखवते.”

“आईला नको. तिला सोसायचं नाही.”

“नवरात्रात त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं होतं, खंडू नाही ना गं राहिला? मी म्हटलं, अण्णा सांगतील. तेव्हापास्नं त्या तुमच्या तोंडाकडं बघत असतात. तुम्हाला कळलं नाही?”

मल्हाररावांना कळलं नव्हतं. शालन आत गेली. आई जागीच असावी, कारण खाट करकरली, आणि “बस गे इथं” असं ती म्हणाल्याचं ऐकू आलं. मग शालनचा आवाज सुरू झाला, प्रत्येक विरामचिन्हाशी थांबणारा. चार दिवस. मुरगळलेला पाय. शक्करपारे. शिव्यांपाशी आईचा घसा घरघरला, ती हसली की रडली ते मल्हाररावांना बाहेर कळलं नाही.

वाचणं शेवटाशी आलं. साहेब, एक सांगायचं होतं, दादानं तुमाला. तिथं शालन थांबली.

“सरी, बरं,” सकवारबाई म्हणाल्या. “पुढं? पुढं काय म्हणाला खंडू?”

आई पुन्हा म्हणाली, “वाच की गे.”

मल्हाररावांनी चष्मा टेबलावरच ठेवला, उठले आणि आत गेले.